खाऱ्या शेतात बी उगवतं, मग रोप का जळतं?

प्रश्न पेण खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या) एका तरुण शेतकऱ्याचा आहे, थोडक्यात सांगतो. गेल्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी शेतात शिरलं आणि बरेच दिवस उभं राहिलं. पुढे बांध बांधून झाला. यंदा पहिल्या पावसावर शेताच्याच एका कोपऱ्यात भाताचं बी टाकलं, उगवण एकदम चांगली झाली, पण दोन-तीन पानांवर आल्यावर पानांची टोकं पांढरी पडून रोपं जळायला लागली. दुकानदार म्हणतो पुढच्या वेळी बी जिब्रेलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवून टाका, शेजारी म्हणतो सॅलिसिलिक अ‍ॅसिड वापरा. ह्यांना विचारायचंय की ही हार्मोन बियाण्यात नक्की करतात काय, आणि त्यानं भात खार सोसेल का.

दादा, सरळ उत्तर आधी देतो. जिब्रेलिकनं तुमचं रोप वाचणार नाही, आणि डोस जास्त झाला तर उलट लवकर जाईल. कारण तुमच्याच सांगण्यात आहे, उगवण चांगली झाली म्हणता ना, म्हणजे बियाण्यानं त्याचं काम केलं, गेलं ते रोप. बी उगवणं आणि रोप जगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीकडे हार्मोनचं काम वेगळं आणि मिठाचा त्रास पण वेगळा. हे एकदा नीट कळलं की दुकानातल्या कुठल्याही बाटलीबद्दल तुमचं तुम्हाला ठरवता येईल, म्हणून जरा लांबण लावतो, सवडीनं वाचा.

भात सगळ्या वयात सारखं खार सोसत नाही. उगवताना बऱ्यापैकी सोसतं, मग दोन-तीन पानांच्या वयात एकदम नाजूक होतं, फुटवे धरायला लागलं की परत दणकट होतं, आणि आत लोंबी तयार व्हायला लागते तिथपासून फुलोऱ्यापर्यंत परत नाजूक. मास आणि हॉफमन ह्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांची खार सोसायची जी यादी केली ती आजही वापरतात, त्यात भाताची मर्यादा ३ डेसीसायमन प्रति मीटर एवढीच आहे (हा मातीच्या संपृक्त अर्काचा ईसी, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची वीज वाहायची क्षमता, मीठ जास्त तितका ईसी जास्त), आणि त्याच्या पुढे ईसी १ नं वाढला की उत्पन्न साधारण १२ टक्क्यांनी घटतं. अंदाजासाठी सांगतो, ४ च्या वर गेली की जमिनीला क्षारयुक्त म्हणतात आणि समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं. त्याच यादीत कापूस ७.७ ला आहे आणि जव ८ ला. म्हणजे भात हे मुळात खार सोसणारं पीकच नाही. आपण खारात भात लावतो कारण पावसाळ्यात तिथे दुसरं काही पाण्यात उभं राहत नाही, आणि भाताला लागणारं गोडं पाणी शेतात उभं असलं की खार वर येत नाही. खारेपाटातली शेती ह्या पाण्यावर उभी आहे हे डोक्यात ठेवा, पुढे परत लागेल.

आता बियाण्याच्या आत काय होतं ते. साठवणीतलं कोरडं बी म्हणजे १२-१३ टक्के ओलावा. पाण्यात टाकलं की पहिले काही तास ते नुसतं पाणी ओढतं, हे मेलेलं बी सुद्धा करतं, त्यात हार्मोनचा काही संबंध नाही. साधारण २५ ते ३० टक्के ओलावा झाला की अंकुर कामाला लागतो आणि जिब्रेलिन बनवायला लागतो (दुकानातलं जिब्रेलिक अ‍ॅसिड हा ह्याचाच एक प्रकार). ते जिब्रेलिन पिठाच्या भोवती जो पातळ जिवंत थर असतो त्याच्यापर्यंत जातं, त्याला अल्युरॉन म्हणतात, तांदूळ सडताना, म्हणजे पॉलिश करताना, जो कोंडा निघतो त्यात हाच थर असतो. जिब्रेलिन पोचलं की अल्युरॉन अल्फा अमायलेज नावाचं एन्झाइम सोडतो, त्यानं पिठाची साखर होते, आणि त्या साखरेवर कोंब आणि मूळ वाढतं. शाळेत बियाणं उगवतं असं एका ओळीत शिकवतात पण आत एवढं सगळं चाललेलं असतं आणि तेही दीड-दोन दिवसांत.

ह्याच्या विरुद्ध बाजूला अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड, म्हणजे एबीए. दाणा भरताना आणि सुकताना हे वाढतं आणि बियाण्याला झोपवून ठेवतं. कापणीच्या तोंडावर ऑक्टोबरात पाऊस आला, पीक आडवं झालं की काही जातींच्या लोंब्यांना शेतातच मोड येतात आणि काहींना येत नाहीत, हा फरक बराचसा सुप्तावस्थेचा, म्हणजे एबीए आणि जिब्रेलिन ह्यांच्यातल्या तोलाचा असतो. ज्यांच्याकडे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होतं त्यांनी दुसरी बाजू पाहिली असेल, नुकतंच झोडलेलं भात लगेच बी म्हणून टाकलं तर उगवत नाही, महिना-दोन महिने ठेवलं की तेच बी खणखणीत उगवतं. एकट्या जिब्रेलिनकडे किंवा एकट्या एबीएकडे बघून काही कळत नाही, दोघांचं प्रमाण बघावं लागतं.

आपल्या खाडीतलं कांदळ ह्या बाबतीत फार बघण्यासारखं आहे. कांदळाचं बी झाडावर असतानाच उगवतं, त्या हिरव्या लांब शेंगेसारख्या दिसतात ना, त्या शेंगा नाहीत, उगवलेली रोपं आहेत झाडाला लटकलेली. संशोधनात असं दिसलंय की अशा कांदळवनातल्या झाडांच्या अंकुरात एबीए कमी असतं, म्हणून बी झोपतच नाही, आईच्या अंगावरच उगवतं, आईच्याच पाण्यावर वाढतं आणि चांगलं मोठं झाल्यावर खाऱ्या चिखलात पडतं. जन्मभर खाऱ्यात राहणारं झाड, पण उगवायचं आणि कोवळं वय काढायचं काम ते थेट खाऱ्या पाण्यात करत नाही. मला वाटतं खारातल्या शेतकऱ्यानं ह्याच्यावरून जितकं शिकावं तितकं थोडं आहे.

बियाण्याला खारं पाणी लागलं की दोन गोष्टी होतात. मिठामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो, आणि बियाण्यात एबीए वाढून जिब्रेलिन कमी पडतं, त्यामुळे अमायलेज उशिरा सुटतं, उगवण लांबते, मागंपुढं होते. ह्या टप्प्यावर बाहेरून जिब्रेलिन दिलं तर उगवण सुधारते. हे कितीतरी पिकांत प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, दुकानदार त्या बाबतीत खोटं सांगत नाही. पण ते काचेच्या ताटलीतलं, पहिल्या सात-दहा दिवसांचं खरं आहे. तिथे उगवणीची टक्केवारी आणि कोंबाची लांबी मोजतात, आणि लांबी तर जिब्रेलिननं वाढतेच, ते त्याचं कामच आहे. शेतात विसाव्या दिवशी रोप जिवंत आहे का हा प्रश्न त्या ताटलीत विचारलेलाच नसतो.

मध्येच एक सांगतो, कारण हे विचारतात नेहमी. आपल्याकडे बी निवडायला ३ टक्के मिठाच्या पाण्याची शिफारस आहे, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, हलकं बी वर तरंगतं ते काढून टाकायचं. एवढं खारं पाणी म्हणजे जवळजवळ समुद्राच्या तोडीचं, मग बी मरत कसं नाही? कारण ते काही मिनिटंच पाण्यात असतं, मीठ आत जायला वेळच मिळत नाही, आणि लगेच दोन-तीनदा गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवतो. धुवायचा कंटाळा करू नका एवढंच. आणि खारातल्या शेतकऱ्यानं ही निवड सोडू नये, कारण भरलेल्या दाण्यात पीठ जास्त आणि रोपाला सुरुवातीचे दिवस त्याच्यावर काढायचे असतात.

आता रोप. इथे त्रास वेगळाच आहे. मुळं पाणी ओढतात त्याच्याबरोबर सोडियम वर जातं, आणि भाताच्या मुळात पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतून बरंच पाणी न गाळताच आत शिरतं, त्यामुळे भातात सोडियम जरा जास्तच जातं. पानातून पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. तुम्ही पानांची टोकं पांढरी पडली म्हणालात ते हेच, मीठ टोकाला आणि कडेला आधी साठतं. मोठं झाड ह्यातून वाट काढतं, ते जुन्या पानांत मीठ कोंडतं, ती पानं जाऊ देतं आणि नवीन पान वाचवतं. दोन-तीन पानांच्या रोपाकडे घालवायला जुनं पानच नसतं. आणि नेमकं त्याच सुमाराला दाण्यातलं पीठ संपत आलेलं असतं, म्हणजे घरचा साठा संपला, स्वतःची पानं अजून पुरेसं अन्न करत नाहीत, आणि वरून मीठ. तुमची रोपं ज्या वयात गेली ते वय काही योगायोगानं नाही आलेलं.

ह्या वयात कुठलं हार्मोन उपयोगाचं? तेच एबीए, जे उगवताना आडवं येत होतं. मुळाला खार लागला की एबीए वाढतं, पानांची रंध्रं मिटतात, पाणी कमी उडतं, म्हणून मीठही कमी ओढलं जातं. झाड स्वतः हे करतं. बियाण्यात नको असलेली गोष्ट रोपाला हवी असते, वय बदललं की त्याच हार्मोनची किंमत बदलते, आणि सगळ्या जाहिराती नेमकं हे सोडून बाकी सगळं सांगतात.

जिब्रेलिनचं उलट. झाडात डेला नावाची प्रथिनं असतात, ती वाढीवर ब्रेक लावून बसलेली असतात, जिब्रेलिन आलं की ब्रेक सुटतो आणि झाड वाढतं. खार लागल्यावर झाड आपणहून जिब्रेलिन कमी करतं, डेला साठतात, वाढ मंदावते. शेतकऱ्याला वाटतं रोप खुरटलं, काहीतरी टॉनिक मारलं पाहिजे. पण ते खुरटणं हा झाडाचा बचाव आहे. २००६ साली अराबिडोप्सिस ह्या प्रयोगाच्या रोपट्यावरचं काम प्रसिद्ध झालं, त्यात डेला प्रथिनं काढलेली झाडं खाऱ्यात वाढत राहिली आणि त्यांच्यातली जास्त मेली, डेला शाबूत असलेली खुजी राहिली पण जगली. भातात पुराच्या पाण्यात बुडून तग धरणाऱ्या ज्या सब-१ जाती आहेत, स्वर्णा सब-१ वगैरे, त्यातही तोच प्रकार, पाण्याखाली इथिलीन साठतं, सब-१-ए जनुक त्यावर जागं होतं आणि जिब्रेलिनला दाबून धरतं, रोप उंच व्हायची धडपड न करता साठा राखून बसतं. संकटात वाढ थांबवणाऱ्याचा जीव वाचतो असं दोन्हीकडे दिसतं, आणि आपण अशा वेळी जिब्रेलिन देतो म्हणजे त्याचा ब्रेक आपल्या हातानं काढतो.

जिब्रेलिन जास्त झालेलं रोप कसं दिसतं हे भातवाल्यांना तसंही माहीत असायला हवं, कारण हे हार्मोन भाताच्या रोगातूनच सापडलं. फ्युजेरियम बुरशी लागली की काही रोपं भराभर उंच होतात, फिकट, काडीसारखी, आणि बरीचशी मरतात किंवा दाणाच धरत नाहीत. जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा ह्यांनी १९२६ साली दाखवलं की बुरशी जो द्रव सोडते त्यानंच रोप असं वाढतं, आणि पुढे त्या द्रवातून जे वेगळं काढलं ते जिब्रेलिन. आणि हापूसवाल्यांना ह्याची दुसरी बाजू पाठ आहे. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, आपण पावसाळ्यात आंब्याच्या बुंध्याभोवती देतो ते काय करतं, तर झाडाला जिब्रेलिन बनवू देत नाही, पालवीचा जोर कमी होतो आणि मोहोर धरतो. रत्नागिरी-देवगडच्या बागेत जे पैसे देऊन कमी करतात तेच पेणच्या खारात पैसे देऊन वाढवायचं, आणि तेही रोप संकटात असताना, हे मला पटत नाही. (म्हणून भाताला कल्टार मारू नका हं, ते मातीत फार दिवस राहतं.)

सॅलिसिलिक अ‍ॅसिडबद्दल माझं मत जरा मऊ आहे. हे झाडातलं संकटाची खबर देणारं द्रव्य आहे, प्रयोगात बी भिजवायला साधारण अर्धा ते एक मिलीमोलर वापरतात, म्हणजे लिटरला ७० ते १४० मिलिग्रॅम, त्यानं पेशींचं नुकसान थोडं कमी होतं असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. स्वस्त आहे. पण परिणाम जातीप्रमाणे, डोसप्रमाणे बदलतो, जास्त झालं तर उगवण मार खाते, आणि ईसी ८-१० असलेल्या शेतात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. करून बघायचं असेल तर थोड्यावर बघा.

मग जिब्रेलिक अ‍ॅसिड कधीच वापरू नये का? तसं नाही. बियाणं ताजं आहे, झोपेत आहे आणि वायंगणाला लगेच पेरायचंय, किंवा बी जुनं आहे, उगवण मागंपुढं होतेय, अशा ठिकाणी कमी तीव्रतेच्या द्रावणाचा उपयोग होतो. पण तिथेही आधी साधं गोडं पाणी करून बघा. बी २४ तास गोड्या पाण्यात भिजवून सावलीत सुकवलं तरी उगवण लवकर आणि एकसारखी होते, कारण सुरुवातीचं पाणी ओढायचं आणि जिब्रेलिन बनवायचं काम त्यानं अगोदरच उरकलेलं असतं. हार्मोनचं द्रावण वापरलं तरी त्यातला मोठा वाटा नुसत्या पाण्याचा असतो, हे प्रयोगात नुसत्या पाण्यात भिजवलेलं बी शेजारी ठेवलं की लगेच दिसतं.

आपल्या जुन्या लोकांनी हे वेगळ्या पद्धतीनं सोडवलेलं आहेच, रहू. बी रात्रंदिवस गोड्या पाण्यात भिजवायचं, मग गोणीत घालून पेंढ्याखाली दडपून ठेवायचं, एक-दोन दिवसांत मोड आला की चिखलणी केलेल्या आणि पाणी काढून टाकलेल्या शेतात फेकायचं. कांदळ जे झाडावर करतं ते आपण गोणीत करतो, उगवणीचा टप्पा खाऱ्याच्या बाहेर काढतो. मोड नुसता डोकावलेला हवा, लांब झाला तर फेकताना तुटतो. खारेपाटात काही जण रहू म्हणजे आळशाची शेती म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही, जिथे गोडं रान नाही, राब (रोपांचा वाफा) करायला जागा नाही तिथे रहूसारखी पद्धत नाही. फक्त रहूनं उगवण वाचते, दोन-तीन पानांचं वय खारातच काढावं लागतं, म्हणून बी फेकायच्या आधी शेत धुतलेलं असणं हे रहूत जास्तच महत्त्वाचं.

तुमच्या बाबतीत मात्र मी रहूपेक्षा आवणच, म्हणजे वाफ्यात रोपं करून त्यांची लावणी, सुचवेन, पण वाफा गोड्या जागेत. नात्यातल्या कोणाचं गावठाणाजवळ, उंच वरकस रान असेल तिथे गादीवाफा करून रोप करा आणि खारात लावताना ३० ते ३५ दिवसांचं लावा. गोड्या शेतात २१ दिवसांचं कोवळं रोप लावायची शिफारस असते, ती बरोबर आहे, पण ती खारासाठी नाही. खारात जून रोप हवं, ज्याला पाच-सहा पानं आहेत, ज्याच्याकडे मीठ कोंडायला जुनं पान आहे. एका चुडात, म्हणजे एका जागी, तीन-चार रोपं घाला आणि अंतर थोडं जवळ ठेवा, कारण खाऱ्यात फुटवे कमी येतात आणि काही रोपं जाणार हे धरून चालावं लागतं.

शेत धुण्याबद्दल. रायगड जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, धुवायला पाणी कमी नाही, कमी आहे ती पाण्याला बाहेर जायची वाट. साधारण हिशोब असा की एक फूट मातीतून एक फूट पाणी आरपार खाली गेलं तर त्या थरातलं ७०-८० टक्के मीठ जातं. आपली खाराची माती चिकण, तिच्यातून पाणी खाली उतरत नाही, म्हणून वरच्या वर धुवावं लागतं. उन्हाळ्यात नांगरून ढेकळं तापू द्या, त्यानं केशवाहिन्या तुटतात आणि खालचा खार वर चढायचा थांबतो. मृगाचं पाणी शेतात दोन-तीन दिवस कोंडा, त्यात मीठ विरघळू द्या, मग ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) काढून द्या, परत कोंडा, परत काढा. एकदा हलकी चिखलणी करून ते गढूळ पाणी सुद्धा सोडून द्या. भरतीच्या वेळी उघाडीची झडप नीट बसते का बघा, एक फळी कुजलेली असली तरी सगळी मेहनत खाडीत जाते. हे एकट्यानं होत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एका वेळी पाणी सोडायला लागतं, आणि खरं सांगायचं तर खारातलं भात टिकतं ते ह्या एकमेकांच्या समजुतीवर.

किती धुवायचं हे डोळ्यांनी कळत नाही. खिशात मावेल असा ईसी मीटर घ्या, फार महाग नसतो. शेतात उभं असलेलं पाणी मोजा, ३ च्या खाली आलं की लावणीचा विचार करा, ५-६ असेल तर अजून एक पाणी काढा. मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर अहवालात कुठल्या पद्धतीनं मोजलंय ते विचारा, एक भाग माती आणि दोन भाग पाणी करून मोजलेला आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो, दोन्हीची तुलना करून लोक फसतात. सामूसुद्धा (पीएच) बघा. जिप्सम टाकायचा सल्ला सरसकट देतात, पण ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथे सामू ८.५ च्या वर आणि मातीला सोडियम चिकटलेलं असतं. नुसती क्षारयुक्त जमीन असेल तर पाणी आणि निचरा हाच उपाय.

आता एक निरीक्षण, तुमची रोपं गेली त्या आठवड्यात बहुतेक पावसानं उघडीप दिली असणार. ढगाळ, दमट हवेत पानातून पाणी कमी उडतं, मीठ कमी ओढलं जातं, रोप खारातही हिरवं दिसतं. चार दिवस ऊन पडलं आणि वारा सुटला की दोन्हीकडून मार बसतो, जमीन सुकते म्हणून खार वर येतो आणि पान जास्त पाणी उडवतं म्हणून मीठ जास्त ओढतं. म्हणून लावणी ढगाळ दिवस बघून करा आणि पहिले पंधरा दिवस शेतात दोन-तीन बोटं गोडं पाणी सुटू देऊ नका. शेजारी शेततळं असेल, अलिबाग-पेणकडे जिताड्याचे तलाव आहेत तसं, तर त्यातलं पाणी उघडिपीला कामाला येतं, पण आधी मीटर घालून मग सोडा, काही तलाव स्वतःच निमखारे असतात.

जात. खरी खार सोसायची ताकद जनुकांत असते. बंगालच्या नोना बोक्रा भातात एक जनुक सापडलं, २००५ साली त्याचं काम प्रसिद्ध झालं, ते मुळातून वर चाललेल्या रसातलं सोडियम परत बाहेर काढून घेतं, पानापर्यंत जाऊ देत नाही. केरळच्या पोक्काली भातातला सॉल्टॉल नावाचा जनुकांचा भाग त्याच पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि आज देशभर तो चांगल्या जातींत आणायचं काम चालतं. आपल्याकडे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात, जे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे, तिथे स्थानिक खाऱ्या भातांतून निवडलेले काळा राता आणि भुरा राता आणि नंतरच्या पनवेल १, २, ३ ह्या जाती आहेत. तुम्ही कुठली जात टाकली होती ते लिहिलं नाहीत, पण गोड्या शेतातली नावाजलेली जात असेल तर निम्मं कारण तिथेच आहे. राता जातींचा लाल तांदूळ बाजारात कमी भाव घेतो म्हणून लोकांनी सोडला ह्याचं मला वाईट वाटतं, घरच्या बियाण्याचे ते दाणे पुन्हा मिळवणं फार अवघड असतं. तुमच्या गावात कोणाकडे असतील तर थोडे घेऊन ठेवा.

जात हळवी (लवकर तयार होणारी) किंवा निमगरवी घ्या, गरवी (उशिरा तयार होणारी) नको. मघाशी म्हटलं ना, लोंबी धरताना भात परत नाजूक होतं. हळवं भात तो टप्पा पाऊस असताना उरकतं. गरवं भात ऑक्टोबरच्या उन्हात सापडतं, पाऊस गेलेला, पाणी आटलेलं, खार वर चढलेला, आणि मग लोंब्या बाहेर येतात पण अर्ध्या पोकळ. रोप वाचलं म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला हा फटका बसतो. दाणा दुधात असेपर्यंत पाणी टिकवायचंच. खारात जस्ताची कमतरता पण नेहमी असते, माती परीक्षणात दिसली तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्या, खुरटलेलं पिवळं रोप दर वेळी मिठानंच झालेलं नसतं.

दुकानदाराचं म्हणणं स्वतः तपासायचं असेल तर फार सोपं आहे आणि मला आवडेल तुम्ही केलंत तर. खाडीचं पाणी आणून गोड्या पाण्यात मिसळत जा, मीटरवर ६ आलं की थांबा. कुंड्यांत धुतलेली माती घ्या. एकाच जातीचं बी तीन वाट्यांत भिजवा, एक साध्या पाण्यात, एक जिब्रेलिकमध्ये, एक सॅलिसिलिकमध्ये, वेळ तिघांना सारखी. प्रत्येकाच्या चार कुंड्या करा, अर्ध्यांना गोडं आणि अर्ध्यांना ते ६ चं पाणी द्या, वरून पावसाचं पाणी पडू देऊ नका. सातव्या दिवशी किती उगवली ते मोजा आणि पंचविसाव्या दिवशी किती जिवंत ते मोजा. उंची मोजू नका, उंचीनं फसायला होतं. सातव्या दिवसाचा आणि पंचविसाव्या दिवसाचा निकाल शेजारी लिहिलात की औषध घ्यायचं की नाही हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

यंदाचं अजून गेलेलं नाही. जी रोपं उरलीत ती त्या कोपऱ्यात तशीच ठेवू नका, कोपऱ्यातलं पाणी आजच मोजा, जास्त असेल तर ओहोटीला काढून पावसाचं भरा. खाचरात घालायला कोणाकडे गोड्या रानातलं जादा आवण शिल्लक असेल तर तेच घ्या, थोडं जून झालेलं असलं तरी चालेल, किंबहुना बरंच. युरिया आत्ता मारू नका, रोप खाऱ्यात असताना नत्रानं कोवळी वाढ होते आणि ती आधी जळते, नवीन हिरवं पान बाहेर आल्यावर थोडा थोडा द्या. आणि मला तीन गोष्टी कळवा, पाण्याचा ईसी किती आला, जात कुठली होती, आणि खांड पडली त्या जागेपासून तो कोपरा किती लांब आहे. खांडीच्या तोंडाशी खार जास्त बसतो, तसं असेल तर तो तुकडा एक वर्ष नुसता धुवायला सोडून बाकीच्यात लावणी करा असं मी सांगेन.